ताराबाईंची अंगणवाडी आणि मागे राहिलेलं पाळणाघर

दिवाळीच्या आगेमागे उसाची तोड सुरू झाली की माढा तालुक्याच्या शिवारात नव्या वस्त्या दिसू लागतात. उजनीचं पाणी आलं आणि एके काळी ज्वारीवर जगणारा हा मुलूख बघता बघता उसाचा झाला. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्यासारखे मोठे कारखाने इथे गाळप करतात आणि त्यांच्यासाठी ऊस तोडायला बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठाला, पडीक रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात भाकरी थापून आई फडाकडे निघते. मागे उरतं दीड-दोन वर्षांचं लेकरू आणि त्याला कडेवर घेतलेली सात-आठ वर्षांची थोरली बहीण. ती नसेल, तर लेकरूही फडात जातं आणि बांधावरच्या झोळीत दिवस काढतं.

गावात अंगणवाडी असते, पण ती कोपीपासून दूर असते. ती उघडते तेव्हा आईला फडात जाऊन चार-पाच तास झालेले असतात आणि आई परतते तेव्हा ती कधीच बंद झालेली असते.

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो सरकारी कचेरीत तयार झाला असावा, असंच अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो एका मराठी बाईच्या कामातून आला. नेमक्या याच अडचणीशी, म्हणजे सोय आहे पण मूल तिथवर पोहोचत नाही या अडचणीशी, त्या बाईंनी ऐंशी वर्षांपूर्वी झुंज घेतली होती. त्यांचं नाव ताराबाई मोडक. त्यांनी काढलेल्या उत्तराचा अर्धा भाग देशानं उचलला आणि अर्धा तिथेच राहिला. तो मागे राहिलेला अर्धा भाग कोणता, हे समजून घेण्यासाठी त्यांचं आयुष्य नीट पाहायला हवं.

मुंबई, अमरावती, राजकोट

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजातले, सुधारकी विचारांचे. मुलींनी शिकावं याबद्दल त्या घरात वाद नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं. अमरावतीतलं सुखवस्तू, बैठकींचं, मोठ्या माणसांच्या येण्याजाण्याचं जीवन त्यांनी काही वर्षं पाहिलं. पण संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. पदरात लहान मुलगी होती.

एकट्या स्त्रीनं मूल घेऊन नोकरीसाठी परप्रांतात जाणं ही १९२१ मध्ये काय गोष्ट असेल, याची कल्पना आज करणं अवघड आहे. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, हुद्दा मानाचा. पण ही नोकरी त्यांनी फार काळ केली नाही. शेजारच्या भावनगरात एक वेगळाच प्रयोग चालू होता, त्यानं त्यांना ओढून घेतलं.

भावनगरची नऊ वर्षं

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांची शाळा चालवत होते. ते मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया माँटेसरी यांची पुस्तकं त्यांच्या हाती आली आणि वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलांना मारायचं नाही, घोकायला लावायचं नाही, हातानं काम करू द्यायचं, हे त्या शाळेचे नियम. गुजरातेत लोक त्यांना कौतुकानं मिशांवाली आई म्हणत.

माँटेसरींबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे सदर आरोग्याचं आहे. माँटेसरी शिक्षिका होण्याआधी डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, ते आईबाप कामावर गेल्यावर इमारतीत मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे ज्या पद्धतीला आज आपण महागड्या इंग्रजी शाळांच्या पाटीवर पाहतो, तिची सुरुवात कष्टकरी बायकांच्या मुलांना सांभाळण्यापासून झाली. मुलाला पाहण्याची डॉक्टरची नजर तिच्या मुळाशी आहे. आधी निरीक्षण, मग उपाय. मूल काय करतंय ते शांतपणे बघायचं, टिपून ठेवायचं आणि त्यावरून पुढे काय द्यायचं ते ठरवायचं. ही सवय ताराबाईंनी पक्की उचलली आणि आयुष्यभर सोडली नाही.

१९२३ मध्ये त्या भावनगरला आल्या आणि सुमारे नऊ वर्षं राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षणाला वाहिलेली ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघू लागली, पुढे ती मराठीतही आली. ताराबाईंनी गुजराती इतकी आत्मसात केली की त्या भाषेत त्यांनी लेखन, संपादन सगळं केलं. मुलांसाठी गाणी, गोष्टी, छोटी नाटुकली, शिक्षकांसाठी पुस्तकं असा मोठा साठा या काळात तयार झाला.

मुंबईत परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. मध्यमवर्गीय पालकांनी तो डोक्यावर घेतला. शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही निघालं. ताराबाईंचं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं. इथेच त्या थांबल्या असत्या तरी मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलंच असतं. पण त्यांना एक गोष्ट सलत होती. बालशिक्षण म्हणजे शहरातल्या खात्यापित्या घरांची चैन, असा समज पक्का होत चालला होता. ज्या मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज होती, ती या दारापर्यंत येतच नव्हती.

बोर्डी: मूल येत नाही, तर आपण जाऊ

१९४५ च्या अखेरीस ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झालं. त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. तेराव्या वर्षी वैधव्य आलेलं, त्यातून शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींची जोडी पुढे ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत टिकली. ताराबाईंच्या कल्पना आणि अनुताईंची चिकाटी, असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ती वाटणी अनुताईंवर अन्याय करणारी वाटते. ज्या माणसाला रोज सकाळी तीस मुलांची नाकं पुसायची असतात, त्याला कल्पनेशिवाय निभत नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली वरच्या थरातली मुलं आली. दलित वस्तीतली मुलं आली नाहीत. त्यामागे शिवाशिवीची भीती होती, आई-बाप पहाटे मजुरीवर जात हे होतं, अंगावर धड कपडे नसत हे होतं. शिवाय घरातलं लहानगं सांभाळायला कुणीतरी लागायचं आणि ते काम थोडं मोठं मूलच करायचं. अशा वेळी साधारण शिक्षणसंस्था हजेरीपटावर गैरहजर असा शेरा मारते आणि पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढून मोकळी होते. ताराबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली.

वस्तीत इमारत नव्हतीच. घरासमोरचं अंगण होतं, झाडाची सावली होती. शिक्षिका तिथे जायची. आधी सगळ्यांनी मिळून अंगण झाडायचं. मग मुलांची तोंडं धुवायची, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. साधनं आसपासची: चिंचोके, शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती. माँटेसरींची मूळ लाकडी साधनं महाग होती. त्यामागचं तत्त्व मात्र फुकट होतं. लहान-मोठं, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलकं हे मुलाच्या हाताला कळायला हवं. ते शंखशिंपल्यांनीही कळतं.

आजूबाजूला आया, आज्या उभ्या राहून बघत. हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग. शाळेच्या चार भिंतींत जे घडतं, ते आईला दिसत नाही. अंगणात ते दिसतं. खरूज, आलेले डोळे, केसांतल्या उवा हे त्या काळी घरोघरी असे. ते कसं टळतं, हे भाषणाशिवाय बघून समजत होतं. मूल गाणं म्हणतं, हसतं, प्रश्न विचारतं, हेही आईला तिथेच दिसत होतं. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. नाव इतकं सरळ होतं.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भोवती वारली आदिवासींचे पाडे. इथे अडचणी आणखी वेगळ्या निघाल्या. मोठी मुलं गुरं चारायला जात. मग शिक्षक कुरणात गेले, गुरं चरत असताना तिथेच वर्ग भरू लागले. ही कुरणशाळा. ताराबाईंनी या प्रयोगावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले.

पण कोसबाडला झालेली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विकासवाडी. एकाच आवारात तीन गोष्टी: तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, त्यावरच्या मुलांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा. मांडणी साधी दिसते, पण ती निरीक्षणातून आली होती. आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. तिला शाळेत आणायचं असेल, तर भावाला खाली ठेवायला जागा हवी, आणि ती शेजारीच हवी, म्हणजे मधल्या वेळात तिला डोकावून येता येईल. पाळणाघर ठेवलं की ताई वर्गात बसते, धाकट्याला माणूस मिळतं आणि आई निर्धास्तपणे कामाला जाते. एका पाळण्यानं तीन माणसांचा दिवस बदलतो.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत चालवलं.

विज्ञानाची साक्ष मागून आली

ताराबाई जे करत होत्या, त्याला आधार देणारं संशोधन त्यांच्या हयातीत फारसं नव्हतं. मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगानं होते आणि पाच-सहा वर्षांपर्यंत त्याचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या जवळपास पोहोचतो, हे आज आपण सहज म्हणतो. पण मेंदू नुसता अन्नावर वाढत नाही. मुलाकडे बघून कुणी बोललं, त्याच्या आवाजाला कुणी उत्तर दिलं, हातात काही दिलं-घेतलं, की मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. तसं घडलं नाही तर त्या विरत जातात. दिवसभर झोळीत पडून असणाऱ्या मुलाचं पोट कसंबसं भरत असेलही. त्याच्याशी बोलायला मात्र कुणी नसतं.

याचा फार चांगला पुरावा जमैकात मिळाला. १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. काहींना दोन वर्षं पूरक आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्य सहायिका तासभर जाई आणि आईला मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, ते घरगुती खेळण्यांनी दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. सुरुवातीला आहाराचाही फायदा दिसला. पण पुढे मुलं मोठी झाल्यावर टिकला तो मुख्यतः खेळण्या-बोलण्याचा परिणाम. सुमारे वीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ज्यांच्या घरी सहायिका जात होती त्यांची कमाई तशी भेट न मिळालेल्या सोबत्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आहार कमी महत्त्वाचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत आणि चारातलं एक मूल उंचीच्या मानानं रोड आहे. अन्न लागतंच. पण सांभाळणारं, बोलणारं माणूसही तितकंच लागतं. मूल कुणाच्या ताब्यात आहे आणि किती तास आहे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

देशानं काय घेतलं

ताराबाईंच्या शेवटच्या वर्षांत दिल्लीत हालचाल सुरू झाली होती. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी बांधकामाच्या जागीच पाळणाघर उघडलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं शाळापूर्व वयातल्या मुलांबद्दल अहवाल दिला आणि गरीब घरांतल्या मुलांना अग्रक्रम द्यायला सांगितलं. १९७४ च्या ऑगस्टमध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय बालक धोरण जाहीर झालं. मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवात मुंबईतल्या धारावीपासून आणि अमरावती जिल्ह्यातल्या धारणीपासून झाली. ताराबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मोडलेल्या संसाराचा जिल्हा त्यांच्या शब्दासकट या योजनेत आला.

योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण. केंद्राचं नाव अंगणवाडी. एका छपराखाली आरोग्य, आहार आणि खेळ एकत्र आणण्याची ही कल्पना खरोखर मोठी होती. पुढे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती प्रत्येक वस्तीपर्यंत न्यायचा आदेश दिला, चौदा लाख केंद्रांचं उद्दिष्ट ठरलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंगणवाडीतलं जेवण हा मुलाचा हक्क झाला. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. जगात अशा प्रकारचं इतकं मोठं जाळं क्वचितच असेल.

या सहांत पाळणाघर मात्र नव्हतं. बोर्डीतलं अंगण देशभर गेलं, कोसबाडचा पाळणा गेला नाही.

कारणं समजण्यासारखी आहेत. तान्ही मुलं सांभाळायला माणसं जास्त लागतात. चार तासांच्या केंद्राला एक सेविका आणि एक मदतनीस पुरते, आठ-दहा तासांच्या पाळणाघराला पुरत नाही. आणि योजनेनं सेविकेला पहिल्या दिवसापासून मानसेवी ठरवलं, म्हणजे पगार नाही, मानधन. हे मानधन आणि निवृत्तीनंतरचे लाभ यांसाठी महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावं लागलं आणि तो संप पुढल्या जानेवारीपर्यंत चालला. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. बालवाडी शिक्षिकेला नीट प्रशिक्षण हवं, यासाठी ताराबाईंनी अर्धं आयुष्य घालवलं. आपण मात्र तिच्या हाती वजनकाटा, मोबाइल, रजिस्टरं आणि निवडणुकीची कामं दिली. अशा दिवसात गोष्ट सांगायला वेळ उरतो का, हे कुठल्याही अंगणवाडीत अकरा वाजता डोकावलं तरी कळतं.

सरकारी कागदावर आता सुधारणा दिसते. २०२४ मध्ये केंद्रानं जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे काढले. जमैकातली सहायिका जे करत होती, तेच ‘नवचेतना’त सेविकेकडून अपेक्षित आहे. आणि २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत निवडक अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं आहे: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, देशभरात अशी १७,००० केंद्रं. विकासवाडीची कल्पना दिल्लीत पोहोचायला साठेक वर्षं लागली म्हणायची. चौदा लाखांत सतरा हजार म्हणजे शंभरात जेमतेम एक, हेही लक्षात ठेवायला हवं.

कोयत्याच्या हिशेबात बाई नसते

आता पुन्हा माढ्याच्या शिवारात येऊ. कायद्यात पाळणाघर नव्हतं असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ते होतं आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यावर ते बंधनकारक झालं. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायची तरतूद होती.

ऊस तोडणारी बाई यातल्या कशातच बसली नाही. उचल घेतो नवरा, देतो मुकादम आणि कागदावर असतो कोयता. कोयता म्हणजे दोन माणसं, पण नाव एकाचं. कायदा कामगारांची संख्या मोजून पाळणाघर देतो आणि इथे ती मोजलीच जात नाही. कारखान्याच्या हिशेबी ती त्यांची कामगार नाही, तोडणी-वाहतुकीच्या कराराची आहे. फडात तीनशे बाया असोत, कागदावर शून्यच.

राज्यानं ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ केलं, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं काढली. चांगलं काम आहे, पण ती शाळकरी मुलांसाठी. थोरल्या मुलाला वसतिगृहात ठेवता येतं. दीड वर्षाचं लेकरू आईबरोबरच येणार आणि त्याला सांभाळायला बऱ्याचदा थोरली बहीणही येणार. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी जी गाठ पाहिली होती, तीच इथे आहे.

त्यांच्या पद्धतीनं विचार केला तर पहिला प्रश्न इमारतीचा येत नाही. मूल कुठे आहे आणि आई किती वाजता जाते, हे आधी बघावं लागतं. मूल कोपीपाशी आहे आणि आई पहाटे जाते. म्हणजे पाळणाघर कोप्यांच्या वस्तीतच हवं, पहाटे उघडायला हवं आणि गाळप संपेपर्यंतचे पाच-सहा महिने चाललं तरी पुरे. ताडपत्रीचा मांडव, पिण्याचं पाणी, पंचवीस मुलांमागे दोन बाया, सकाळचं गरम खाणं. त्या दोघींतली एक तोडकऱ्यांच्याच कुटुंबातली असली तर मुलं लवकर रुळतात, कारण भाषा आणि सवयी ओळखीच्या असतात. तिला फडातल्या मजुरीइतकी मजुरी मिळायला हवी, नाहीतर ती कोयता सोडणार नाही. खर्च महिला-बालविकास खात्यानं करायचा, कारखान्यानं करायचा की महामंडळानं, यावर घोडं अडतं. कारखान्यांच्या प्रत्येक टन उसामागे महामंडळासाठी निधी घेण्याची पद्धत राज्यात ठरलेली आहे. त्यातून पाळणाघरांचा वेगळा वाटा काढून ठेवणं हा मला त्यातल्या त्यात सरळ मार्ग वाटतो.

तोवर आहे ती व्यवस्थाही कमी वापरली जाते. हंगामापुरतं गावात आलेलं मूल त्या गावच्या अंगणवाडीत घेता येतं, त्यासाठी ते गावचं रहिवासी असायची गरज नाही. २०२१ पासून वापरात असलेल्या ‘पोषण ट्रॅकर’वर एका गावच्या लाभार्थीची नोंद दुसऱ्या गावी हलवण्याची सोय आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर, स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो. तो घ्यायला आईला फड सोडून यावं लागू नये म्हणून सेविका किंवा आशाताईनं आठवड्यातून एकदा संध्याकाळी कोप्यांवर जाणं जास्त उपयोगाचं. लसही कुठल्याही गावात देता येते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. नेमका याच वयात हंगाम आला की तो चुकतो आणि दाटीच्या वस्तीत गोवर वेगानं पसरतो. ज्या शेतकऱ्याच्या रानात कोप्या पडल्या आहेत, त्यानं गावच्या सेविकेला कोप्या किती, सहा वर्षांखालची मुलं किती आणि लसीकरणाचं कार्ड कुणाकडे नाही, एवढं कळवलं तरी यादी तयार होते.